आयात अन्नावरचा आक्षेप : कुठे टिकतो, कुठे आपटतो?

(चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

बंदरकाठी

अमेरिकेशी व्यापाराची बोलणी सुरू झाली की वर्तमानपत्रांत ठरलेले दोन अग्रलेख येतात. एक म्हणतो, अन्नसुरक्षा हा सौदेबाजीचा विषयच नाही, दूध आणि जीएम (जनुकांत बदल केलेल्या) धान्याच्या बाबतीत तसूभरही मागे सरायला नको. दुसरा म्हणतो, सुरक्षेचं नाव पुढे करून आपण फक्त देशी उत्पादकांना पाठीशी घालतोय. भाषा दोघांचीही जोरदार. पण आक्षेप कोणत्या कागदावर, कोणत्या शब्दांत नोंदवलाय आणि तो टिकवायला हातात काय आहे, हे दोघंही सांगत नाहीत.

माझं म्हणणं असं : आयात अन्नावरच्या आक्षेपाला दोन गोष्टी लागतात. धोक्याचं लेखी मूल्यांकन, आणि तोच नियम घरच्या मालालाही लावलेला असणं. यातली एक जरी नसली तरी पुढे केव्हातरी त्याची किंमत चुकवावी लागते, आणि ती बहुधा भलत्याच मालावर चुकवली जाते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अमेरिकन कोंबडी. जागतिक व्यापार संघटनेतला ४३० क्रमांकाचा वाद. बर्ड फ्लूचं कारण देऊन २००७ पासून आपण ही आयात अडवली होती. १९ जुलै २०११ ची अधिसूचना १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखालची. तिचा मथितार्थ : ज्या देशाने बर्ड फ्लू कळवला, मग तो तीव्र असो की सौम्य, त्या अख्ख्या देशातून कोंबडी, अंडी वगैरे बंद. अमेरिकेने मार्च २०१२ मध्ये सल्लामसलत मागितली, ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅनेलचा निकाल आला, ४ जून २०१५ ला अपिली मंडळाचा. आपण जवळपास सगळ्या मुद्द्यांवर हरलो.

पहिलं कारण, धोक्याचं मूल्यांकन केलेलंच नव्हतं. आपला युक्तिवाद होता की आमचा नियम जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या संहितेला धरून आहे, म्हणून वेगळ्या मूल्यांकनाची गरज नाही. संहिता उघडून पाहिली तर सौम्य प्रकारासाठी अख्खा देश बंद करा असं तिच्यात कुठेच नाही. ती क्षेत्रनिहाय विचार करायला सांगते. दुसरं कारण, घरी बर्ड फ्लू सापडला की आपण बाधित ठिकाणाभोवती जास्तीत जास्त १० किलोमीटरचं वर्तुळ आखून निर्बंध लावत होतो. म्हणजे आपल्याला १० किलोमीटर आणि त्यांना आयडाहोपासून फ्लोरिडापर्यंत एकच न्याय. तिसरं, अधिसूचना काढली त्याच दिवशी लागू केली. इतर देशांना आधी मसुदा कळवून हरकतींना वेळ द्यायचा असतो, तो दिला नाही.

---

नंदुरबारी

चांगला विषय. पशुवैद्यकाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण "सौम्य" या शब्दावरच खटला फिरला आणि वर्तमानपत्रांत त्याबद्दल ओळभरही आलं नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला एच५एन१ (बर्ड फ्लूचा विषाणू) आपल्या नवापूरला सापडला. तो तीव्र प्रकार. पक्षी पटापट मरतात, त्यामुळे लपून राहत नाही. सौम्य प्रकारात (त्यातले एच५ आणि एच७ हे उपप्रकारच कळवणं बंधनकारक होतं) अंडी थोडी कमी पडतात, खाणं किंचित घटतं. पोल्ट्रीवाला म्हणतो हवा बदलली, नाहीतर खाद्य बदललं. म्हणजे मरतूक पाहून तो सापडणार नाही. तो मुद्दाम शोधावा लागतो : निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांचं रक्त ठरावीक काळाने घ्यायचं, आधी एलायझा किंवा जेल चाचणी (दोन्ही रक्तातली प्रतिपिंडं शोधतात), त्यात सापडलं तर एचआय चाचणीने एच५ आहे की एच७ ते ठरवायचं, मग विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरटी-पीसीआर. तीव्र की सौम्य हे ठरवायला सहा आठवड्यांच्या दहा पिलांना शिरेतून विषाणू टोचून निर्देशांक काढतात; १.२ च्या वर गेला की तीव्र. किंवा जनुकातला छेदबिंदू वाचून ठरवतात. हे आपल्याकडे भोपाळच्या प्रयोगशाळेत होतं.

तर पॅनेलपुढे साधा प्रश्न आला : तुमच्या देशात सौम्य प्रकार नाही असं तुम्ही म्हणता, तो कसा शोधता? आपली पाळत मुख्यतः लक्षणांवर आणि मरतुकीवर चालायची. तज्ज्ञांनी सांगितलं की अशा पाळतीतून सौम्य प्रकार खात्रीने सापडत नाही. म्हणजे "आमच्याकडे नाही" याचा अर्थ "आम्ही पाहिलं नाही" असा निघाला, आणि घरी जो रोग शोधतही नाही त्यासाठी परक्याचा माल अडवणं हा उघड भेदभाव ठरला.

आणखी एक. शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. संहितेतच तक्ता आहे : ७० अंश सेल्सिअसला साडेतीन सेकंद, ६० अंशाला ५०७ सेकंद. म्हणून शिजवलेल्या मांसाचा प्रश्न वेगळा; आपल्या अधिसूचनेतली मांसावरची बंदी प्रक्रिया न केलेल्या मांसाला होती. 

---

ओसरीवर

हरलो तर हरलो. अमेरिकन तंगड्या बाजारात कुठे दिसतात? मग नुकसान काय झालं?

---

बंदरकाठी

तंगड्या दिसत नाहीत त्याचं कारण बर्ड फ्लू नाहीच, आयात शुल्क आहे : तुकड्यांवर १०० टक्के. अमेरिकेत छातीच्या मांसाला मागणी, तंगड्या त्यांना नकोशा, त्यामुळे त्या मातीमोल भावात बाहेर पाठवता येतात. आपली खरी भीती ही होती. ती शुल्काने आधीच रोखलेली होती. मग रोगाचं कारण लावून दुसरं कुलूप कशाला घातलं, हा प्रश्न आहेच.

किंमत कशी चुकवली ते बघा. निकाल पाळायची मुदत जून २०१६ ला संपली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरच्या प्रतिशुल्काची (बदला म्हणून लावायच्या जादा शुल्काची) परवानगी मागितली. ते शुल्क कोंबडीवर बसणार नव्हतं, आपल्या कोणत्याही निर्यातीवर बसू शकत होतं. प्रकरण लवादात लोंबकळत राहिलं. मग राजकारणाचं वारं फिरलं : जून २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या वॉशिंग्टन भेटीत दोन्ही देशांनी सहा वाद एका फटक्यात मिटवले, त्यात आपण हरभरा, मसूर, बदाम, अक्रोड, सफरचंदांवरचं प्रतिशुल्क काढलं. कोंबडीचा वाद उरलेला सातवा. तो सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० च्या तोंडावर मिटला. बदल्यात गोठवलेलं टर्की आणि बदक, ब्लूबेरी, क्रॅनबेरी यांचं शुल्क उतरवलं. तंगड्यांचे १०० टक्के जिथल्या तिथे.

म्हणजे रोगाचा आक्षेप कोंबडीवर घेतला आणि तडजोड क्रॅनबेरीवर झाली. आपल्याकडे क्रॅनबेरी पिकत नाही म्हणून कोणी बोंब मारली नाही. दर वेळी अशी सोयीची वस्तू सापडेलच असं नाही.

युरोपचंही तेच झालंय. संप्रेरकं दिलेल्या गुरांच्या मांसावर त्यांनी १९८९ मध्ये बंदी घातली, १९९८ मध्ये अपिली मंडळात मूल्यांकनाच्या मुद्द्यावर हरले, पण बंदी उठवली नाही. अमेरिकेने ११ कोटी ६८ लाख डॉलरचं प्रतिशुल्क लावलं. शेवटी २००९ मध्ये संप्रेरकमुक्त मांसाला शुल्कमुक्त कोटा देऊन समेट झाला. बंदी राहिली, पैसे दुसऱ्या खिशातून गेले. युरोपला ते परवडतं.

---

तिसरी बाजू

"आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे शास्त्र" हे दुसऱ्या अग्रलेखाचं गृहीतक तुम्हीही थोडं मान्य करताय. मानकं मतदानाने ठरतात हे विसरू नका.

रॅक्टोपामाइन घ्या. डुकरांच्या आणि गुरांच्या अंगावर चरबीऐवजी मांस चढावं म्हणून कत्तलीआधीच्या शेवटच्या आठवड्यांत खाद्यातून देतात. कोडेक्स आयोगाने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) जुलै २०१२ मध्ये त्याची अवशेष मर्यादा मंजूर केली ती ६९ विरुद्ध ६७ मतांनी. मांसात किलोला १० मायक्रोग्रॅम, यकृतात ४०, मूत्रपिंडात ९०. दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर "शास्त्र" उलट निघालं असतं. विरोधात युरोपीय संघ होता, चीन होता. एकदा मानक झालं की मात्र ते जागतिक व्यापार संघटनेच्या वादात दाखला म्हणून वापरता येतं.

तैवानने याच्या झळा सोसल्या. २०१२ मध्ये गोमांसाला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा मान्य केली, डुकराच्या मांसावर बंदी ठेवली. तिथे डुकराचं मांस रोजच्या जेवणात, आणि यकृत-आतडीही आवडीने खातात. एखादी मर्यादा सरासरी आहार धरून बसवतात. कोण किती यकृत खातो यावर ती कमी-जास्त सुरक्षित ठरते. पण अमेरिका व्यापार कराराची गोष्टच काढेना. शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांनी जाहीर केलं की १ जानेवारी २०२१ पासून डुकराचं मांसही येऊ देऊ. विरोधकांनी संसदेत डुकरांची आतडी फेकली. डिसेंबर २०२१ च्या सार्वमतात पुन्हा बंदी घालण्याचा प्रस्ताव पडला. दोन महिन्यांत, फेब्रुवारी २०२२ मध्ये, जपानच्या फुकुशिमा (अणुअपघात झाला तो) परिसरातल्या पाच प्रांतांच्या अन्नावरची बंदीही शिथिल केली, कारण प्रशांत भागीदारीत (पॅसिफिक देशांच्या व्यापार करारात) शिरायला जपानचा पाठिंबा हवा.

तिथे आरोग्य खात्याने ठरवलं आणि परराष्ट्र खात्याने कळवलं असं घडलं नाही. उलटा क्रम होता. पण त्यांनी एक शहाणपण केलं : मूळ देशाचं नाव लेबलवर सक्तीचं केलं, उपाहारगृहांच्या मेनूतसुद्धा. नको असेल त्याने घेऊ नये. बाजाराने बऱ्यापैकी न घेणंच पसंत केलं.

---

दूधगंगा

आता दुधाकडे वळू, अग्रलेखांचा सगळा भर तिथेच असतो.

भारताला दूध किंवा दुग्धपदार्थ पाठवायचे तर पशुवैद्यकीय दाखल्यात लिहून द्यावं लागतं की ज्या जनावरांचं दूध आहे त्यांना रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या अंतर्गत अवयव, रक्तचूर्ण किंवा ऊतींपासून केलेलं खाद्य दिलेलं नाही. ही अट २००३ पासून आहे. अमेरिका हे लिहून देऊ शकत नाही, त्याचं कारण त्यांच्या स्वतःच्या नियमात आहे. वेडाचार रोगामुळे (मॅड काऊ म्हणून जो माहीत आहे तो) त्यांनी १९९७ मध्ये गुरांच्या खाद्यात सस्तन प्राण्यांची प्रथिनं बंद केली खरी, पण गुरांचं रक्त आणि रक्तजन्य पदार्थ, तसंच डुकराची आणि घोड्याची प्रथिनं त्यातून वगळली. म्हणजे तिथे रक्तचूर्ण कायदेशीर आहे. प्रत्येक गोठ्यात घालतात असं नाही, पण घातलं नाही हे सरकारी सहीने सांगता येत नाही.

अमेरिकन दूध उद्योगाने याच अटीवर अर्ज केला आणि जून २०१९ मध्ये आपली जीएसपी सवलत (विकसनशील देशांच्या मालाला अमेरिकेने दिलेली शुल्कमाफी) गेली. त्याला वैद्यकीय उपकरणांवरचं किंमत नियंत्रण हे आणखी एक कारण होतं. जीएसपीचा फायदा घेणारे रसायनं, चामडं, इंजिनीअरिंगवाले लोक. त्यांचा दुधाशी काय संबंध? बंदरकाठी म्हणतात तोच प्रकार.

पण कोंबडी आणि दूध यांत एक फरक आहे. आक्षेप "रोगाचा धोका" म्हणून मांडला तर आपण दुसऱ्या दिवशी हरू, कारण प्राणी आरोग्य संहितेनुसार दूध आणि दुग्धपदार्थ या रोगाच्या बाबतीत निर्धोक समजले जातात, निर्यातदार देशात रोग असला तरी. म्हणून तो "सार्वजनिक नीतिमत्ता" या अपवादाखाली मांडावा लागतो. अग्रलेखात "मांसाहारी दूध" असा शब्द वापरून टाळ्या मिळतात. बाजू लढवणाऱ्या वकिलाला विचारा, त्याला आरोग्याचा शब्द मसुद्यात चुकूनही नको असेल.

नीतिमत्तेचा अपवाद मान्य झाल्याचं उदाहरण आहे. सीलच्या कातड्यांवरच्या युरोपीय बंदीत अपिली मंडळाने मे २०१४ मध्ये तो हेतू ग्राह्य धरला. तरी युरोपला बंदीत दुरुस्ती करावी लागली, कारण स्थानिक शिकारी जमातींना दिलेली सूट सगळ्यांना सारखी लागू होत नव्हती. इथेही अडलं ते समान न्यायावरच.

आणि त्या बाबतीत आपली तयारी कोंबडीपेक्षा बरी आहे. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात आता आहे की दुभत्या आणि मांसाच्या जनावरांना (कोंबडी, डुक्कर, मासे सोडून) गोवंशीय किंवा डुकराच्या मांस-हाडांचं, रक्ताचं, ऊतींचं खाद्य देऊ नये, आणि बाजारातलं पशुखाद्य बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकानुसार असावं. कागदावर नियम आहे. तालुक्याच्या गावात सुटं पशुखाद्य पोत्यात भरून विकलं जातं, त्याचे नमुने कोण तपासतो, हे उद्या समोरचा विचारणार. उत्तर तयार हवं.

---

ओसरीवर

मग तैवानसारखं लेबल लावून येऊ द्यावं ना? हिरवा ठिपका नको, तपकिरी त्रिकोण लावा आणि विका.

---

दूधगंगा

अमेरिकेनेही लेबलचा पर्याय सुचवला होता. दोन अडचणी. एक, पावडर आणि व्हे (चीज करताना निघणाऱ्या पाण्याची पावडर) डब्यात थोडंच विकलं जाणार आहे? ते २५ किलोच्या पोत्यात येतं आणि बिस्किट, आइस्क्रीम, प्रथिनांच्या पावडरीत विरघळून जातं. लेबल पोत्यावरच राहतं. दुसरी, इथे खरं संरक्षण पुन्हा शुल्काचंच आहे : दूध पावडरीवर ६० टक्के, लोण्यावर ४०, चीजवर ३०. आपल्याकडे दूध पावडरीचे साठे पडून असतात तेव्हा खरेदीदर कसा कोसळतो हे सांगली-कोल्हापूरच्या कुणालाही विचारा. शुल्काची गोष्ट शुल्क म्हणून उघड बोला, श्रद्धेची गोष्ट श्रद्धा म्हणून. दोन्हींना आरोग्याचा मुलामा दिला की दोन्ही पातळ होतात.

आरोग्याबद्दल बोलायचंच तर घरात बघा. एफएसएसएआयच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये अफ्लाटॉक्सिन एम१ किलोला ०.५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर निघालं. ते येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि मक्यातून. पावसाळ्यात पोती ओलाव्यात पडली की संपलं. उकळून ते जात नाही. युरोपची मर्यादा आपल्या दहाव्या हिश्श्याची, ०.०५. आपलं चीज तिकडे विकायची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी पेंडीच्या गोदामाचं छप्पर बघावं.

---

आडतपेढी

सोयाबीनचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. आक्षेप सरकार स्वतःच कसा गुंडाळतं त्याचा नमुना.

२१ ऑगस्ट २०२० चा एफएसएसएआयचा आदेश : सफरचंद, मका, गहू, तांदूळ, बटाटा, सोयाबीन, पपई वगैरे २४ पिकांच्या आयातीसोबत "जीएम नाही" असा दाखला हवा, अनाहूत मिसळ १ टक्क्यापर्यंत चालेल. २०२१ च्या मार्चपासून अंमल. आणि त्याच वर्षी २४ ऑगस्टला केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, न्हावा शेवा बंदरातून आणि बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलहून. पेंड महागली म्हणून पोल्ट्रीवाल्यांची ओरड होती, आणि ती खोटी नव्हती. ब्रॉयलरच्या खाद्यात पाव ते तीस टक्के सोयापेंड असते, बाकी बहुतेक मका.

परवानगीचं कारण काय दिलं? पेंड कुटलेली, तेल काढलेली, तिच्यात उगवणारं बी नाही. म्हणजे "जिवंत" जीएम नाही, म्हणून पर्यावरणाचा प्रश्न येत नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण मग हे तर्कशास्त्र आधीच्या वर्षी का आठवलं नाही? ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेलं होतं, नवीन आवक सुरू होईतो भाव निम्म्यावर आला. त्या वर्षीचा हमीभाव ३,९५०. सगळी घसरण पेंडीमुळे झाली असं मी म्हणणार नाही, नव्या पिकाची आवकही होतीच. पण लातूर-अकोल्याच्या बाजारात जहाज यायच्या आधी बातमी येते आणि भाव बातमीवर पडतो.

आणि समान न्यायाचं म्हणाल तर बीटी कापूस २००२ पासून आहे. त्याची सरकी, सरकीची पेंड म्हशी रोज खातात, सरकीचं तेल फरसाणात असतं. जीएम सोयाबीनचं तेल कित्येक वर्षं आयात होतंय. जिनिव्हात (जागतिक व्यापार संघटनेचं मुख्यालय) समोरचा पहिला प्रश्न सरकीचाच विचारेल.

---

पिपेट

जीएम तपासणीबद्दल गैरसमज बरेच आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

धान्यातून डीएनए काढायचा आणि पीसीआरमध्ये आधी दोन खुणा शोधायच्या : ३५एस प्रवर्तक (घातलेलं जनुक चालू करणारा तुकडा) आणि नॉस समापक (त्याचा शेवट दाखवणारा). बऱ्याच जीएम वाणांत यांतली एक तरी असते. सापडली तर पुढे नेमकं वाण ओळखायचं आणि रिअल-टाइम पीसीआरने प्रमाण काढायचं, १ टक्क्याच्या आत की बाहेर.

चुकतं कुठे? ३५एस मुळात फ्लॉवरवर पडणाऱ्या मोझॅक विषाणूतला तुकडा. माल मोहरीवर्गीय असेल किंवा त्यात तशी मिसळ असेल, तर विषाणूमुळेच चाचणी होकारार्थी येते. विषाणूची वेगळी चाचणी लावली नाही तर निर्दोष माल अडकतो. उलट, काही नव्या वाणांत या दोन्ही खुणा नसतात, ती निसटतात. शुद्ध केलेल्या तेलात तर डीएनए जवळपास उरतच नाही, तिथे चाचणीने काही सिद्ध होत नाही, कागदच बघावा लागतो.

आणि सगळ्यात मोठी चूक प्रयोगशाळेच्या आधीच झालेली असते : नमुना. जहाजातलं धान्य एकजिनसी नसतं. वरच्या थरातून दोन किलो घेतलं आणि ०.८ टक्के आलं, याचा अर्थ तळाशीही तेवढंच आहे असा नाही. उतरवताना, ठरावीक अंतराने, चालत्या पट्ट्यावरून थोडं थोडं घेऊन एकत्र करायचं, मग विभाजकातून कमी करत आणायचं. वेळ लागतो, विलंबशुल्क चढतं, आणि मग सगळ्यांनाच घाई होते.

---

वाशी मार्केट

बंदरावर प्रत्यक्ष काय होतं तेही येऊ द्या, नाहीतर वाटेल की प्रत्येक डबा उघडून चाखतात.

आयातदाराकडे एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना आणि आयात-निर्यात संकेतांक लागतो. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं घोषणापत्र) सीमाशुल्काच्या एक खिडकी प्रणालीत भरलं की जोखमीच्या निकषांवर ठरतं, हा माल एफएसएसएआयकडे जाणार की नाही. गेला तर आधी कागद, मग प्रत्यक्ष पाहणी, मग दोन नमुने : एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, एक वादासाठी राखून. अहवाल पाच दिवसांत. ताजी फळं, धान्य असेल तर वनस्पती संगरोध विभागाचा दाखला वेगळा, मांस-दुधाला पशुसंगरोधचा आणि त्याआधी आयात परवाना.

माल अडतो तो बहुतेकदा विषामुळे नाही, लेबल आणि तारखेमुळे. आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण, एवढं बंधपत्रित गोदामात स्टिकर लावून दुरुस्त करता येतं. बॅच क्रमांक किंवा तारीख नसेल तर स्टिकर चालत नाही, माल परत किंवा नष्ट. तारखेचा नियम : मंजुरीच्या वेळी आयुष्य ६० टक्के किंवा तीन महिने, यांतलं जे कमी तेवढं तरी शिल्लक हवं. वर्षभर टिकणाऱ्या सॉसला तीन महिने पुरतात. ९० दिवसांच्या चीजला ५४ दिवस उरलेले हवेत, आणि जहाजाला महिनाभर सहज लागतो. असं चीज समुद्रमार्गे येणं जवळपास अशक्यच.

आता उलट बाजू. आपला हापूस अमेरिकेत १८ वर्षं बंद होता, एप्रिल २००७ मध्ये सुरू झाला. फळमाशी आणि कोयीतला भुंगा हे त्यांचे आक्षेप. मार्ग निघाला तो किमान ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किरणांचा; लासलगावच्या केंद्रातून पहिली खेप गेली, पुढे वाशीचं केंद्र आलं. अट "किमान" आहे म्हणजे पेटीतल्या सगळ्यात कमी मात्रा मिळणाऱ्या फळालाही ४०० मिळायला हवेत. कडेच्या फळांना मग आपोआप जास्त बसतात, आणि वरची सीमा १,००० ग्रे. पेट्या जास्त दाटीने रचल्या की ही तफावत वाढते, साल काळवंडते. मात्रा मोजणाऱ्या पट्ट्यांची नोंद आणि कागदावरची नोंद जुळली नाही तर फळ कितीही उत्तम असो, तिकडच्या विमानतळावर ते नष्ट करा नाहीतर परत न्या म्हणतात, आणि परत नेण्याचं भाडं आंब्याहून महाग.

ही परवानगी अणुकराराच्या हवेत मिळाली, तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष बुश मार्च २००६ मध्ये दिल्लीत आंब्याबद्दल बोलून गेले होते. पण नुसत्या मैत्रीने दार उघडलं नाही, भाभा अणुसंशोधन केंद्राची किरणांची व्यवस्था तयार होती म्हणून उघडलं. करोनात त्यांचे निरीक्षक येऊ शकले नाहीत तर २०२० आणि २०२१ चे दोन हंगाम गेले. मग जानेवारी २०२२ मध्ये करार झाला : आपला आंबा आणि डाळिंब, त्यांची चेरी आणि लसूणघास, किरणप्रक्रियेची देखरेख टप्प्याटप्प्याने आपल्याकडे.

युरोपने मे २०१४ मध्ये फळमाशीवरूनच आंबा, वांगी, कारली, पडवळ, अळू बंद केलं. ओरड झाली, पण काम झालं ते ४८ अंशाच्या पाण्यात ६० मिनिटं बुडवण्याच्या यंत्रणेने. बंदी डिसेंबर २०१५ पर्यंत होती, आंब्यावरची २०१५ च्या सुरुवातीलाच उठली.

---

पिपेट

मुदतीवरून आठवलं. चिनी दुधावरची आपली बंदी सप्टेंबर २००८ ची, मेलामाइनची. त्या वेळी ती शंभर टक्के योग्य होती. दुधातलं प्रथिन थेट मोजत नाहीत. केल्डाल पद्धतीने नत्र मोजून ६.३८ ने गुणतात. मेलामाइनमध्ये दोन तृतीयांश नत्र, म्हणजे एक ग्रॅम घातलं की सव्वाचार ग्रॅम प्रथिन "दिसतं". पाणी घातलेलं दूध चाचणीत पास. मुलांच्या मूत्रपिंडात खडे झाले, तीन लाखांच्या आसपास मुलं आजारी पडली.

पण बंदी वर्षानुवर्षं वाढवत नेली आणि २०१९ मध्ये तर बंदरांवरच्या प्रयोगशाळा मेलामाइन तपासण्याइतक्या सक्षम होईपर्यंत चालू ठेवू असं ठरलं. मर्यादा ठरलेली आहे (बाळांच्या पावडरीत किलोला १ मिलिग्रॅम, इतर अन्नात २.५), तपासायला एलसी-एमएस यंत्र लागतं आणि पद्धत सर्वज्ञात आहे. तात्पुरती बंदी घालायला जागतिक व्यापार संघटनेच्या करारात जागा आहे, अट एवढीच की माहिती मिळवत राहा आणि वाजवी काळात फेरविचार करा. चीनशी संबंध बिघडलेले म्हणून कोणी विचारत नाही, पण "आमची प्रयोगशाळा तयार नाही" हे कारण लेखी देणं म्हणजे समोरच्याला आयतं कोलीत.

---

तिसरी बाजू

सहमत. फक्त एक पुरवणी : मोठ्या देशांना हरूनही बंदी चालू ठेवता येते, लहान देशाला जिंकूनही माल शिरवता येत नाही. अपिली मंडळ २०१९ च्या डिसेंबरपासून न्यायाधीशांअभावी ठप्प आहे, अमेरिकेने नेमणुका अडवल्या. त्यामुळे आता निकालापेक्षा द्विपक्षीय दबाव जास्त चालतो. म्हणूनच मूल्यांकन तयार ठेवणं जास्त गरजेचं, कारण बंद खोलीत तेवढंच एक पान टेबलावर ठेवता येतं.

---

ओसरीवर

बरं, हे सगळं ठरतं तेव्हा सामान्य माणसाला किंवा एखाद्या शेतकरी संघटनेला कुठे बोलता येतं का? की थेट अग्रलेखच वाचायचा?

---

बंदरकाठी

येतं, आणि फार कमी लोक बोलतात. एफएसएसएआय नवा नियम आणताना मसुदा राजपत्रात आणि संकेतस्थळावर टाकतं आणि हरकतींसाठी ठरावीक दिवस देतं, साधारण ६०. तोच मसुदा जिनिव्हाला कळवला जातो, त्यामुळे अमेरिकन, युरोपीय उद्योग संघटना त्यावर पानंच्या पानं लिहून पाठवतात. जीएम अन्नाचा मसुदा नोव्हेंबर २०२१ मध्ये आला होता, सुधारित २०२२ मध्ये. त्यात १ टक्का किंवा जास्त जीएम घटक असेल तर लेबलवर लिहिणं आणि बाळांच्या अन्नात जीएम वर्ज्य, अशी कलमं आहेत.

हरकत लिहिताना "जनभावना" वगैरे लिहू नका, ती फाइलला लागते आणि संपते. कलमाचा क्रमांक, आत्ताचे शब्द, सुचवलेले शब्द, आणि कारण एका परिच्छेदात. उदाहरणार्थ, पशुखाद्याच्या नियमाबाबत : "बीआयएस मानकानुसार" यापुढे "सुट्या विक्रीच्या खाद्याचे जिल्हानिहाय नमुने दरवर्षी तपासून निकाल प्रसिद्ध करावेत" एवढी ओळ सुचवा. ती आली तर दूधगंगा म्हणतात त्या प्रश्नाला उत्तर तयार होईल. मराठीत पाठवली तरी चालते, पण सोबत इंग्रजी तक्ता जोडा, वाचणारा अधिकारी दिल्लीत बसलेला असतो. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी संकेतस्थळ हमखास बसतं.